आपटेसाहेबांचं पार्लमेंट

पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, यावरसुद्धा आपटेसाहेब मतदान घ्यायचे. पेन्सिल कानामागे खोचायची, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "जेंटलमेन, हात वर!" आम्ही अकरा सुतार आणि एक ड्राफ्ट्समन, म्हणजे मी. हात मोजून झाले की साहेब स्वतः जाऊन बटण फिरवायचे. त्यांचंच मत हरलं तर जास्त खूश. "मी हरलो!" हे ते लॉटरी लागल्यासारखं सांगायचे.

हे आपटे कोकणातले नव्हेत, इंग्लंडचे. खरं आडनाव ॲपलटन. पण आमच्या वर्कशॉपमधले सगळे कुडाळ-वेंगुर्ल्याकडचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात साहेबांचा आपटे केला. गावाहून आलेला नवा माणूस "आपटेसाहेब खंय असत?" विचारत यायचा आणि सहा फुटी लालबुंद गोरा पाहून दारातच थबकायचा.

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. बहारीनमध्ये बुदैयाच्या रस्त्याला, खजुरीच्या बागांपलीकडे आमचं वर्कशॉप होतं. दुपारी समुद्राकडून पांढुरकं धुकं यायचं, लाकडाचा भुसा त्या उजेडात तरंगत राहायचा, आणि आपण जागे आहोत की डुलकीत, हेच कळायचं नाही. अशा वेळी साहेब बोलू लागायचे. तरुणपणी इंग्लंडात खिडक्यांच्या चौकटी करता करता ते युनियनमध्ये शिरले, आणि तिथून थेट पार्लमेंटात. गरिबांच्या भाड्याच्या घरात न्हाणीघर हवंच, या एका मागणीवर बोलून बोलून त्यांनी सभागृह जेरीस आणलं.

"मी उभा राहिलो की लोक उठून जायचे," ते अभिमानानं सांगत. "पण न्हाणीघरं आली!"

पुढे निवडणूक हरले. मग पुन्हा रंधा हातात घेतला आणि फोरमन म्हणून इकडे आले.

एकदा सोनू म्हाडगूत सकाळपासून एकच फळी रंधत बसला होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत फळीचा पापड झाला.

"सोनू, फळी खलास," साहेब म्हणाले.

सोनूनं खिशातून पत्र काढलं. "आवशीक बरा नाय. येकदा बघूक होयी." आई आजारी आहे, तिला एकदा बघायचंय, असं मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं. मॅनेजरनं रजा नाकारली होती आणि सोनूचा पासपोर्ट त्या मॅनेजरच्याच कपाटात होता.

साहेबांनी पेन्सिल कानामागे खोचली. "मॅनेजरकडे माझ्याबरोबर कोण येणार? हात वर!"

एकही हात वर गेला नाही. प्रत्येकाला आपला व्हिसा दिसत होता. मलाही. मी नकाशात काहीतरी शोधत असल्यासारखी मान खाली घातली.

"ठराव नामंजूर," साहेब शांतपणे म्हणाले, आणि एकटेच गेले.

दीड तासानं परतले ते सोनूचा पासपोर्ट घेऊनच. काय बोललात, असं मी विचारलं.

"न्हाणीघरांचं भाषण. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्येच तो म्हणाला, पासपोर्ट घ्या, पण बोलायचे थांबा. मी थांबलो नाही."

सोनूला आई भेटली, त्याच्याशी दोन शब्द बोलली. साहेबांचं काँट्रॅक्ट मात्र पुढच्या वर्षी वाढवलं नाही.

जायच्या आधी त्यांना हर्नियाचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. एका दुपारी सगळे चहाला बाहेर गेले तेव्हा ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. हातात हॉस्पिटलचा फॉर्म. एरवी करवतीच्या वर चढणारा त्यांचा आवाज इतका खाली आला होता की मला वाकून ऐकावं लागलं.

"इथे जवळच्या नातेवाईकाचं नाव मागतात. बायको गेली. मुलगी आहे, पण ती लहान होती तेव्हा मी सभांमध्ये असायचो. आता ती पत्रांना उत्तर देत नाही." मग म्हणाले, "तुझं नाव लिहिलं तर चालेल? नको असेल तर मोकळेपणानं सांग."

मी फॉर्म ओढून घेतला आणि माझं नाव लिहिलं. पुढे नात्याचा रकाना होता. तिथे काय लिहायचं, दोघांनाही सुचेना. शेवटी मी लिहिलं, 'पुतण्या'.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा पुसला, आणि खिडकीबाहेरच्या खजुरींकडे बघत राहिले. बाहेरून कोणीतरी चहाला हाक मारत होतं. आम्ही दोघंही उठलो नाही.