लाल दिव्याची घंटी

सोनटक्के काकूंच्या दाराची घंटी वाजत नाही, पेटते. बाहेरून बटण दाबलं की आत बैठकीत, त्यांच्या यजमानांच्या, अण्णांच्या, खुर्चीच्या बरोबर समोर, भिंतीवर लाल दिवा लागतो. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि रस्त्यानं लाल दिव्याच्या गाड्या धावू लागल्या, त्याच सुमारास काकूंनी ही सोय करून घेतली. वायरमन चक्रावून म्हणाला, "दीदी, बिना आवाज की घंटी कौन लगाता है?"

"राजधानी में लगाते हैं," काकू म्हणाल्या.

कारण काय, तर काकूंची अर्धशिशी. "घंटी वाजली का माझं कपाळ फुटते. दिवा लागला तर कोनाचं काय जाते?" आता अर्धशिशीच्या माणसानं राहू नये अशी जागा शोधायची तर ती आमची गल्लीच. गुढियारीचा हा भाग, पलीकडे रेल्वेचा मालधक्का, दिवसभर ट्रक आणि वॅगनची धडधड. त्यात मंत्र्यांच्या ताफ्यांचे भोंगे. काकूंची मुलगी पुण्याहून सांगून दमली की तेलीबांध्याकडे एखादा शांत फ्लॅट घ्या. पण काकूंना राजधानीचा भारी अभिमान. "राजधानी आपल्या पायानं माझ्या दारी आली, आता मी काहून उठून जाऊ?" असं म्हणून त्या कपाळाला ओली पट्टी बांधून पुन्हा आडव्या होत.

डोकं दुखायला लागलं की काकूंचे कान उघडत. अंधाऱ्या खोलीत पडल्या पडल्या त्यांना चौथ्या घरातल्या फोडणीची तडतड ऐकू येई. माझी टाकी भरून वाहू लागली की माझ्याआधी त्यांना कळे. "प्रकाश, नळ बंद कर, माझ्या डोक्यात पानी पडून राहिलं." एकदा माझी आई न्हाणीघरात घसरली. मी घरातच, रेडिओ लावून बसलेलो, मला पत्ता नाही. काकू मात्र डोक्याला पट्टी बांधलेल्या तशाच अनवाणी धावत आल्या. तेव्हापासून त्यांच्या कानांची थट्टा करायचा हक्क मी फक्त स्वतःकडे ठेवला आहे, दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

त्यांच्या बैठकीचे कायदे मात्र थट्टा करण्यासारखेच होते. एका वेळी एकानंच बोलायचं. खिडकीकडे तोंड करून बसायचं. आतल्या खोलीतून हाक मारायची नाही, समोर येऊन बोलायचं. तोंडात पान असेल तर आधी थुंकून यायचं. टीव्हीवरच्या बातम्या मुक्या लावायच्या आणि खालची पट्टी वाचायची. माझी मिशी जरा ओठावर उतरली की काकू म्हणत, "काप न ते झुडूप. शब्द अडकून राहिले त्यात." आता मिशीचा आणि अर्धशिशीचा काय संबंध, हे मी बायकोला विचारलं. तिनं मुकाट्यानं कात्री आणून दिली. काकूंच्या डोक्यासाठी सारा पारा, म्हणजे आमची सगळी आळी, असा मुकाट्यानं वागत असे.

या सगळ्या शांततेत अपवाद एकच, तो म्हणजे खुद्द अण्णा. अण्णा रेल्वेत स्टेशनमास्तर होते. ताठ बांधा, इस्त्रीचा शर्ट, आणि आवाज असा की चहा मागितला तर मालधक्क्यावरचे हमाल वळून पाहत. निवृत्त झाल्यावर त्यांनी फोन घेणं सोडलं. "जिंदगीभर घेतले, आता तुम्ही घ्या," म्हणत. पण मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढे उभे राहायचा मान त्यांचा, आणि तो त्यांना जिवापेक्षा प्यारा.

त्या वर्षी गणपती तोंडावर आले आणि काकूंचं दुखणं वाढलं. एके सकाळी मला म्हणाल्या, "प्रकाश, डॉक्टरकडं नेशील का? कानाच्या."

"दुखतं डोकं, आणि डॉक्टर कानाचा?"

"आवाजानं दुखते न? मंग आवाज काय नाकातून जाते?"

तेलीबांध्याकडे एक नवी डॉक्टरीण बसू लागली होती, तिच्याकडे काकू-अण्णा दोघांना गाडीत घालून नेलं. तिथे काचेची लहान खोली होती. आत बसायचं, कानावर डबे लावायचे, बारीक आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. काकूंनी परीक्षा अशी दिली की आवाज सोडणारी पोरगी थक्क झाली. बाहेर येऊन वर त्या म्हणाल्या, "तुमचा तो कोपऱ्यातला पंखा किरकिर करून राहिला, तेल टाका."

डॉक्टरणीनं मास्कच्या आतूनच समजावलं की काकूंचे कान अगदी ठीक आहेत. डोकेदुखीच्या पुष्कळ माणसांना ऐकू चांगलंच येतं, पण आवाज सोसवत नाही. दुसऱ्याला साधा वाटणारा आवाज त्यांना टोचतो. मग तिनं विचारलं, "घर में सबसे तेज़ आवाज़ किसकी है?" मी आणि काकूंनी एकदमच अण्णांकडे पाहिलं. अण्णा शांतपणे छताकडे पाहत बसले होते.

"आता यांचंही पाहून घ्या, आलेच आहेत तर," काकू म्हणाल्या, आणि अण्णांच्या समोर जाऊन त्यांना तेच सांगितलं.

"मले काय झालं?" अण्णा गरजले. बाहेर बसलेलं एक तान्हं रडायला लागलं.

"तुम्हाले काही नाही झालं. मले त्या खोलीत घाबरल्यासारखं झालं. तुम्ही बसून पाहा, अन् मंग सांगा मी उगीच घाबरली का."

असं म्हटल्यावर अण्णा ऐटीत आत गेले. काकू काचेशी उभ्या राहिल्या. त्यांना आवाज सोडणाऱ्या पोरीचा हात दिसत होता आणि अण्णांना काकूंचा चेहरा. पोरीनं कळ फिरवली, काकूंच्या भुवया जराशा वर गेल्या, अण्णांनी बटण दाबलं. पुन्हा कळ, पुन्हा भुवया, पुन्हा बटण. पोरगी खूश होऊन मान डोलवत होती. मी मात्र काकूंकडे पाहतच राहिलो.

मग काकूंच्याही ते लक्षात आलं असावं. त्या काचेकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"दाबलं का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

पोरीनं आवाज वाढवला. "आता?"

"नाही, काकू."

काचेपलीकडे अण्णा काकूंच्या पाठीकडे पाहत होते, मेळ्यात हात सुटलेल्या पोरासारखे. काकूंचे डोळे भरले होते, पण त्या वळल्या नाहीत.

लाल दिवा, खिडकीकडची खुर्ची, पान आणि माझी मिशी, सगळ्याचा उलगडा मला तिथे उभ्या उभ्या झाला. दुखणं काकूंचं खरंच होतं. पण त्या दुखण्याच्या पदराआड त्यांनी अण्णांना इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं. आम्हा सगळ्यांना त्यांच्यासमोर बसायला, तोंड दाखवून बोलायला शिकवलं होतं, आणि अण्णांना कुणी बहिरा म्हणू नये म्हणून स्वतः विक्षिप्त म्हणवून घेतलं होतं. अशी बाई आपल्या शेजारी राहते याचा मला तेव्हा जो अभिमान वाटला, तो राजधानी झाल्याचाही वाटला नव्हता.

अण्णांसाठी कानाचं यंत्र आलं, पण ते लावेनात. "लोक हसतील. आरतीले पुढं मी उभा राहतो, कानात हे घालून?"

काकू ओली पट्टी सारखी करत म्हणाल्या, "तुमच्यासाठी कोन म्हणते? तुम्ही बोलता तर माझं कपाळ फुटते. तुमचा आवाज तुम्हाले ऐकू आला तर हळू बोलाल. डॉक्टरनं माझ्या डोक्यासाठी देल्लं ते."

गणपतीत अण्णा आरतीला पुढे उभे राहिले, कानात यंत्र घालून. कुणीतरी विचारलंच. अण्णांनी मान ताठ केली. "हिच्या डोक्याचं औषध आहे. मी लावतो." कुणी हसलं नाही. उलट दोघीतिघींनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं.

परवा दुपारी काकू पुन्हा पडून होत्या. मी आमच्या आवारात कपडे वाळत घालत होतो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा लावलेली भंगारवाल्याची गाडी वळली, तसे अण्णा लगबगीनं फाटकाशी आले. जवळ झेंडी नसली की गाडी थांबवायला रेल्वेत दोन्ही हात वर करतात, तसे त्यांनी केले. भंगारवाल्यानं घाबरून भोंगा बंद केला. अण्णा माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "वळणावरच ऐकला मी. तिले अजून ऐकूसुद्धा आला नाही."

ते मिशीला पीळ देत आत गेले. मागे आमच्या कुंपणाला लागून असलेल्या खिडकीचा पडदा जरा हलला.

"मालधक्क्यावर होता तवाच आला होता मले ऐकू," काकू कुजबुजल्या. "त्यांले सांगू नको."