मान्य आहे? मग छापू!

ढवळेकाकांशी बोलण्यात एक धोका आहे. तुम्ही सहज काही बोलून जाता आणि संध्याकाळी ते चष्मा पुसत तुमच्या दारात उभे राहतात. तुमचंच बोलणं कागदावर उतरवून तुम्हालाच खणखणीत आवाजात वाचून दाखवतात आणि विचारतात, "मान्य आहे? मग छापू!"

छापायला आता जागा कुठे, तर आमच्या भूगावच्या सोसायटीचा नोटीस बोर्ड. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी एकदा म्हणाल्या, लिफ्टमध्ये सुक्या मासळीचा वास येतो. काका संध्याकाळी हजर. "कुणाच्या पिशवीचा, तेही तुम्ही म्हणाला होतात. नाव छापू ना?" वहिनींनी दार लावून घेतलं ते दोन दिवस उघडलं नाही.

काका जन्मभर पुण्याच्या एका दैनिकात होते. बाकीचे मंत्र्यांच्या मागे धावत, तेव्हा हे स्कूटरवरून मुळशीच्या वाड्या पालथ्या घालत. कुणाची मजुरी बुडवली, कुठल्या वाडीला रस्ता नाही, कुणाचं रेशन मधल्यामध्ये गडप झालं, हे त्यांचे विषय. आणि बातमी लिहून झाली, की ज्याची त्याला वाचून दाखवायला पुन्हा तोच डोंगर चढायचे. संपादक कपाळावर हात मारून घेत. "अहो ढवळे, बातमी शिळी होते!" काका शांतपणे म्हणत, "शिळी चालेल साहेब. त्या बाई भात लावायला गेल्यात, उद्या भेटतील." त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं संपादक झाली. काका वार्ताहरच राहिले.

ही खोड लागली सोनाबाईंमुळे. काका नवे असताना मुळशी धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत गेले आणि 'निराधार, उपाशी विधवा' असं लिहून मोकळे झाले. वाडीतल्या मास्तरांनी ती बातमी सोनाबाईंना वाचून दाखवली. सोनाबाईंनी कोंबडी काखोटीला मारली, एसटी धरली आणि थेट दैनिकाची कचेरी गाठली. "कोन उपाशी? ही कोंबडी दिसती का? आन् निराधार कुनाला म्हनतूयास रं?" कोंबडी संपादकांच्या टेबलावर फिरली. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून आली. तेव्हापासून विचारल्याशिवाय छापायचं नाही, हा काकांचा नेम. तेव्हापासून सोनाबाई त्यांची सोनाआत्याही झाली. दर भाऊबीजेला ते वाडीवर जातात. बहीण नसली की आत्या चालते म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आमचे सेक्रेटरी देशमुख मनाने भला माणूस. त्यांनी ग्रुपवर टाकलं, 'बी विंगमधील वयोवृद्ध व एकाकी श्री. ढवळे यांच्यासाठी घरोघरी डब्याची पाळी लावत आहोत.'

काका वॉकर आपटत पार्किंगमध्ये आले. "एकाकी? टाकण्याआधी मला वाचून दाखवलंत?" त्या दिवसापासून जो डबा गेला तो झाकणही न उघडता परत आला. माझ्या बायकोची शेपूची भाजी परत आली ते एक वेळ समजू शकतो, पण पुरणपोळीसुद्धा? स्वयंपाकघरात धड उभं राहवत नव्हतं, तरी चहा-बिस्किटांवर ताठा चालला होता. माणूस दिवसेंदिवस वाळत चालला. मला भीती वाटू लागली.

एका रविवारी मला म्हणाले, "गाडी काढ. सोनाआत्याला वाचून दाखवायचंय. दोघं मिळून देशमुखांच्या मजकुराची दुरुस्ती लिहू."

सोनाआत्या ओट्यावर वाल सोलत होती. काकांना पाहून तिने आधी त्यांच्या गालफडांकडे पाहिलं. मग काकांनी मोबाईल लांब धरून, शब्दाशब्दावर जोर देत सगळा मजकूर वाचला, डबे कसे परत धाडले तेही सांगितलं आणि विजयी मुद्रेने थांबले.

"मंग?" आत्या म्हणाली. "खरंच हाय की."

"आत्या! तू तर कोंबडी घेऊन आली होतीस!"

"व्हय. शेजारनीची कोंबडी व्हती ती." आत्याने एक वाल सोलला. "दोन रोज पोटात अन्न न्हवतं माज्या. तू लिवलंस ते समदं खरंच व्हतं."

काकांनी मोबाईल खाली ठेवला. जन्मभराचा नेम ज्या दुरुस्तीवर उभा होता, तीच खोटी निघाली होती. "मग एवढी भांडलीस का?"

"इचारलं न्हवतंस म्हून. पर भांडून आले तवा तुज्या कचेरीतल्या शिपायानं भाकर दिली, ती मुकाट खाल्ली मी. डब्यावर कसला रं राग? बस आता. जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

वालाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. काका खाली मान घालून जेवले. चष्म्यावर वाफ आली म्हणाले. कालवण तर केव्हाच निवलं होतं. मला फार भरून आलं, म्हणून मी अजून एक भाकरी मागून घेतली.

परतताना पौडच्या अलीकडे त्यांनी देशमुखांना फोन लावला. "ढवळे बोलतोय. तुमचा तो मजकूर. त्यातलं 'वयोवृद्ध' काढा." पलीकडून देशमुख घाईघाईने म्हणाले, "काका, 'एकाकी'पण काढतो, लगेच काढतो."

काकांनी एका हाताने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"ते राहू द्या," म्हणाले. "मान्य आहे. आणि उद्यापासून डबा पाठवा. शेपूसुद्धा चालेल."