आमेनाचें बंड

॥ श्री ॥ सुरेल आणि बेसुरें ज्यास सारखेंच ऐकावें लागतें, त्या एका देवास नमन. शके अठराशें बारा, विकृतीनाम संवत्सरीं, समुद्रकांठच्या एका राज्यांत मोठी उलथापालथ जाहली, ती येणेंप्रमाणें. राज्य इस्रायल म्हणजे यहुदी लोकांचें, तेलाच्या घाण्यांचें. राजधानी एक कौलारू मशीद, म्हणजे त्यांचें प्रार्थनामंदिर, आणि तख्त म्हणजे तिचे मध्यभागींचा लांकडी ओटा. त्यावर हज्जान उभे राहून प्रार्थना गाऊन म्हणत आणि प्रजा "आमेन" म्हणे. प्रजेचा हक्क इतकाच, म्हणून ती तो जिवाच्या आकांतानें बजावी. एका आमेनांत छपरावरचीं कबुतरें उडत. जुने हस्काजी हज्जान देवाघरीं गेले, त्यांचा आवाज घाण्यासारखा कुरकुरे, तरी अंगवळणी पडला होता. मग मशिदीचे कारभारी एलोजी मुकादम यांणीं मसलत करून मुंबईहून यूनसजी हज्जान आणविले आणि करार केला कीं, "दारफाळणीचा उपवासाचा सण निभावलात तर गादी तुमची, नाहींतर गलबत बंदरांत उभें आहे." यूनसजी तर मुंबईची जागा सोडून, बायकोपोरांसह आलेले, परतीस घर उरलें नव्हतें.

गळा मोठा गोड, परंतु तान निघाली म्हणजे संपेना. लोक मधेंच आमेन म्हणत, तों महाराज नुसता श्वास घेत असत. कोपायमान होऊन हुकूम फर्माविला कीं, "मी मान हलवीन तेव्हांच आमेन." आणि मग तानेंत डोळे मिटून मान हलविणेंच विसरत. प्रजा आमेन पोटांत घेऊन घरीं जाऊं लागली, कित्येकांस जेवण पचेना. हस्काजींची विधवा मिलकाबाई बायकांच्या माडीवरून बोलिली, "अगो, हा देवालाही बोलूं देत नाय!"

मग सण आला. त्या दिवशीं अन्न नाहीं, पाणीही नाहीं, आणि सूर्यास्तीं आभाळाचे दरवाजे मिटतात, तत्पूर्वीं प्रार्थना आंत गेली पाहिजे. यूनसजींनीं सकाळींच सर्व ताना उधळल्या आणि दिवस कलतांना तोंड उघडिलें तों आवाज नाहीं. पाणी मागतां येईना. ऊन भिंतीवर चढूं लागलें, मुकादमांचें तोंड उतरलें, यूनसजींस गलबत दिसूं लागलें, आणि शरमेनें त्यांची मान खालीं गेली.

मान हलली! प्रजा हुकमाची ताबेदार. महिनाभर तुंबलेला आमेन असा सुटला कीं कौलें खडखडलीं. यूनसजी दचकले, मग ओंठांनींच पुढील ओळ म्हणून मान हलविली, पुन्हा आमेन. ओळीमागून ओळ, ओंठ त्यांचे, आवाज प्रजेचा, आणि सूर्य बुडावयास व सणसमाप्तीचें शिंग फुंकावयास एकच गांठ पडली. एलोजी मुकादम डोळे पुसून म्हणाले, "यूनसजी, इतकें उत्तम तुम्ही कधीं गायला नाहींत. गादी तुमची." यूनसजी रडले, तेंही बिनआवाजाचें.

मग मिलकाबाईंनीं त्यांस घरीं नेऊन सरबत पाजिलें. गळा मोकळा जाहला, तों महाराज उभे राहून आभाराची लांब तान घेऊं लागले. बाई म्हणाली, "आमेन. आतां जेवा." महाराज तान तेथेंच सोडून पानावर बसले.

तात्पर्य, राजानें गावें, परंतु श्वासाची जागा प्रजेच्या आमेनास सोडावी. यूनसजींस हें कळलें, म्हणून गादी टिकली.