दुसऱ्या घंटीचा फॅक्स

एका जंगलात एक सिंह राहत होता. यात नवल काही नाही, बाळांनो. प्रत्येक जंगलात एक असतोच. पण या सिंहाकडे लॅपटॉप होता.

तो त्याला कुणी दिला, ते विचारू नका. राजांना वस्तू मिळत असतात. लॅपटॉप काळा होता. उघडला की उजेड पडायचा, आणि त्या उजेडात सिंह आपल्या मिशा बघायचा. यापलीकडे त्या लॅपटॉपला कुणी काम सांगितलं नव्हतं.

त्या जंगलातून एक नदी वाहायची. नदीच्या वरच्या अंगाला दुसरं जंगल होतं, तिथे हत्तींचं राज्य. हत्तींनी धोंडे आणि लाकडं रचून नदीवर बांध घातला होता. उन्हाळ्यात खालची कुरणं सुकली, की ते एक दिवस ठरवायचे, बांधाची लाकडं काढायचे आणि पाणी सोडायचे. पाणी एकदम यायचं, मोठं यायचं. म्हणून आदल्या सकाळी हत्ती खाली निरोप धाडायचे.

निरोप आणायचा खंड्या. निळ्या पंखांचा, लांब चोचीचा, मासे मारून खाणारा पक्षी. तो नदीवरून सरळ उडत यायचा, काठाकाठानं "उद्या पाणी, उद्या पाणी" असं ओरडायचा, आणि मग कचेरीत जाऊन राजाला नमस्कार करायचा.

हा निरोप सगळ्यांनाच हवा असायचा. पण टिटवीला तो सगळ्यांत जास्त हवा असायचा.

टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. ती नदीच्या पात्रात, दगडगोट्यांत अंडी घालते. अंडी गोट्यांसारखीच दिसतात, म्हणून कुणाला सापडत नाहीत. दरवर्षी चार. निरोप आला की टिटवी कासवाला हाक मारायची. कासव एकेक अंडं पाठीवर घेऊन वरच्या माळावर पोचवायचं. चार खेपांना अख्खा दिवस लागायचा. कासवच ते. पण एक दिवस पुरायचा. इतकी वर्षं पुरला होता.

मग त्या जंगलात एक माकड आलं.

हे माकड शहरातल्या एका दुकानाच्या गच्चीवर चार महिने राहून आलं होतं. खाली दुकानात संगणक विकत, वर गच्चीवर माकड राहत असे. तेवढ्यावर ते तज्ज्ञ झालं.

"महाराज," माकड म्हणालं, "लॅपटॉप आहे आणि फॅक्स येत नाही? शहरात हसतील लोक."

सिंहाला हसण्याची फार भीती वाटायची. "मग काय करायचं?"

माकडानं काखेतून एक वस्तू काढली. पत्त्यातल्या पानाएवढी, चपटी. "हे फॅक्स मोडेम कार्ड. लॅपटॉपच्या कुशीला एक फट असते, तिच्यात हे सरकवायचं. ह्याची ही शेपटी फोनच्या तारेत खोचायची. हत्तींकडे फॅक्सचं यंत्र आहेच. मग त्यांचं पत्र तारेतून थेट आपल्याकडे."

"पक्ष्याशिवाय?"

"पक्ष्याशिवाय."

सिंहाला ते पटलं. खंड्याच्या अंगाला माशांचा वास यायचा.

कार्ड बसवायला सगळा दरबार जमला. माकडानं ते आधी उलटं घातलं. ते अर्ध्यावर अडलं. मग रानडुकराला बोलावून जोर लावायला सांगितला. नशीब लॅपटॉपचं, तेवढ्यात माकडाला सुलट बाजू दिसली. कार्ड टक्‌ करून आत बसलं. पडद्यावर अक्षरं उमटली : 'नवी वस्तू सापडली.'

दरबारानं टाळ्या वाजवल्या. वस्तू त्यांनीच घातली होती, तरी ती सापडल्याचा त्यांना आनंद झाला.

मग लॅपटॉपनं कार्डाबरोबर आलेली फ्लॉपी मागितली. कार्ड कसं चालवायचं ते त्या चौकोनी चकतीत भरलेलं होतं. फ्लॉपी कुठे गेली? कारभारी होता कोल्हा. त्यानं ती आवक-शिक्क्याच्या शाईच्या डबीवर झाकण म्हणून ठेवली होती. आलेल्या प्रत्येक कागदावर जांभळा शिक्का मारायचा, हे कोल्ह्याचं काम. शिक्का नाही तर निरोप नाही, असा त्या कचेरीचा नियम होता. फ्लॉपी पुसून आत घातली. चालली.

शेवटी लॅपटॉपनं एक प्रश्न विचारला : 'फोन आला तर किती घंट्यांनी उचलू?'

"कुणाच्या वतीनं उचलणार हा?" सिंहानं विचारलं.

"आपल्याच, महाराज."

"मग पहिल्या घंटीला मुळीच नको. राजा काय पहिल्या हाकेला ओ देतो? दुसरी घंटी होऊ दे."

"वा!" कोल्हा म्हणाला. "काय विचार आहे!"

माकडानं दोनाचा आकडा दाबला. कार्डावर हिरवा दिवा लागला. पडद्यावर आलं : 'तयार आहे. फोनची वाट बघत आहे.'

आता बाळांनो, इथे एक गोष्ट सांगायची राहिली.

कचेरीत फोन होता, आणि फोनपाशी एक पोपट होता. सिंहाच्या वडिलांनी त्याला हुकूम दिला होता, की राजाचा फोन दोनदा वाजता कामा नये. पोपट अकरा वर्षं फोनपाशी बसून होता. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत तो चोचीनं फोन उचलायचा आणि "बोला" म्हणायचा. त्याबद्दल त्याच्या गळ्यात तांब्याचा बिल्ला होता.

तार एकच होती. पोपटानं फोन उचलला, की दुसरी घंटी व्हायचीच नाही. आणि दुसरी घंटी झाल्याशिवाय कार्ड उचलणार नव्हतं.

दोन्ही हुकूम राजाचे होते. दोन्ही अगदी चोख पाळले जात होते.

माकडानं पहिला फॅक्स इथून तिकडे पाठवून दाखवला. कार्ड कर्र, घर्र, पींऽऽ असं ओरडलं. सिंहाची आयाळ उभी राहिली. इथून जाताना पोपटाचा काही संबंध येत नव्हता, म्हणून फॅक्स नीट गेला. त्यात लिहिलं होतं : 'यापुढे सर्व निरोप फॅक्सनेच पाठवावेत. पक्ष्याने आणलेला निरोप धरला जाणार नाही.'

खंड्याला बोलावून शाल पांघरवली आणि घरी पाठवलं. शाल पांघरून त्याला उडता येईना. त्यानं ती वाटेत एका फांदीवर नीट घडी करून ठेवली.

उन्हं तापली. कुरणं पिवळी पडली. टिटवीनं गोट्यांत चार अंडी घातली आणि ती रोज दुपारी कचेरीच्या खिडकीत येऊ लागली.

"कारभारी, पाण्याचा निरोप?"

"नाही आला."

"यंत्र चालतंय ना?"

"दिवा कसला आहे?"

"हिरवा."

"मग? हिरवा दिवा दिसत असताना विचारतेस?"

टिटवी परत जायची. अंड्यांवर बसायची. हिरव्या दिव्याकडे बघून तिचं पोट भरत नव्हतं, पण तिला एवढं बोलता येत नव्हतं.

मग एके दिवशी सकाळी फोन वाजला. पोपटानं तो झडप घालून उचलला.

"बोला."

पलीकडून आवाज आला, "पीं." मग शांतता. मग परत, "पीं."

पोपटाचं काय असतं, ऐकलं की म्हणायचं. त्यानंही म्हटलं, "पीं."

पलीकडचा फोन बंद झाला.

"कारभारी, कुणी वात्रट आहे," पोपट म्हणाला. "राजाच्या फोनवर शिट्टी मारतो. मीही मारली. सोडतो काय!"

थोड्या वेळानं परत घंटी. परत "पीं." परत पोपटाची शिट्टी, पहिल्यापेक्षा जोरात. दुपारपर्यंत असं आठ वेळा झालं. कोल्ह्यानं एक वही काढली आणि वर लिहिलं, 'अज्ञात इसमाच्या शिट्ट्यांची चौकशी.'

माकडाला वाटलं, कार्ड सैल झालं असेल. ते कार्ड काढी, आपल्या शेपटीनं पुशी, पुन्हा घाली. 'नवी वस्तू सापडली.' प्रत्येक वेळी दरबार टाळ्या वाजवी.

या सगळ्यात दाराशी कुणीतरी बसून होतं. तो खंड्या होता.

त्या सकाळी खंड्या बांधाखाली मासे धरत असताना त्यानं हत्तींना वरची लाकडं सैल करताना बघितलं. त्याला कुणी निरोप दिला नव्हता. तरी तो निघाला. पण घरी बसवलेला नोकर तो. आता काठाकाठानं ओरडत जायचा आपल्याला अधिकार नाही, असं त्याला वाटलं. म्हणून तो आधी कचेरीत आला. इथेच चुकला बिचारा.

"कारभारी, पाणी—"

"बस तिथे. यंत्राचं काम चाललंय."

"पण उद्या—"

"आणि जरा लांब बस. वास येतो."

तो सकाळपासून दाराशी बसला. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा रोजच्यासारखी टिटवी आली.

"दादा, तुम्ही इथे कसे?"

खंड्यानं कोल्ह्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "ताई, उद्या सकाळी पाणी येतंय. लाकडं सैल केलीत."

"ए!" कोल्हा ओरडला. "कागद कुठाय? शिक्का कुठाय? कचेरीत बसून अफवा उठवतोस?"

तेवढ्यात फोन वाजला. पोपटानं उचलला आणि शिट्टी मारली.

टिटवीनं मान वळवून फोनकडे बघितलं. "कारभारी," ती म्हणाली, "ही शिट्टी हत्तींच्या यंत्राची तर नसेल? एकदा फोन न उचलता बघा ना."

माकड खो खो हसलं. "ऐका! अंडी उबवायची सोडून बाई आम्हाला फॅक्स शिकवायला आल्यात."

"फोन उचलायचा नाही?" पोपट बिल्ल्यावर पंख ठेवून म्हणाला. "अकरा वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं मला."

टिटवी पुढचं ऐकायला थांबली नाही.

"कासवदादा, उठा! आत्ता निघा!"

"निरोप आला?" कासवानं विचारलं.

"खंड्यादादा म्हणाले."

"मग आलाच की," कासव म्हणालं आणि चालू लागलं.

बाळांनो, कासव त्या दिवशी जितकं भरभर चाललं, तितकं कुठलंच कासव कधी चाललं नसेल. तरी ते कासवच. दिवस मावळला तेव्हा दोन अंडी माळावर पोचली होती. पाय सुजले होते त्याचे. तांबडं फुटताच ते तिसरं अंडं घेऊन निघालं. टिटवी डोक्यावर उडत होती. "आलंच, दादा, आलंच, ती बघा चढण." चढण दहा पावलांवर होती, तेव्हा पाणी आलं.

कासव वाहत गेलं. त्याला पोहता येतं, ते दूरवर एका वळणाला लागलं. अंड्याला पोहता येत नाही. चौथं तर अजून गोट्यांतच होतं.

पाणी कचेरीतही शिरलं. दरबारी टेकडीवर पळाले. पोपट उडून झाडावर बसला. राजाच्या उंच मेजावर लॅपटॉप तेवढा कोरडा राहिला. त्याचा दिवा हिरवाच होता.

आणि फोन वाजला. एक घंटी. उचलायला कुणी नव्हतं. दुसरी घंटी. कार्डानं फोन उचलला, पींऽऽ असं गोड ओरडलं, आणि पडद्यावर सुरेख अक्षरात पत्र उमटलं :

'उद्या सकाळी पाणी सोडत आहोत. नदीच्या पात्रातल्यांना आजच हलवावे. कळावे, हत्ती. ता. क. हे पत्र काल सकाळपासून दहाव्यांदा पाठवत आहोत. आपल्याकडे कुणीतरी शिट्ट्या मारते.'

पाणी ओसरल्यावर दरबार खाली आला आणि त्यांनी पडदा बघितला.

"आला!" माकड नाचलं. "फॅक्स आला!"

"अक्षर किती स्पष्ट!" सिंह म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

कोल्हा चिखलातून शिक्का शोधून घेऊन आला. पण कागद नव्हता, अक्षरं नुसती काचेत होती. कोल्ह्यानं थोडा विचार केला आणि जांभळा शिक्का काचेवरच मारला. 'आवक.' तो अजून तिथे आहे. मिशा बघताना सिंहाला तो मधे येतो.

चार दिवसांनी कासव वळणावरून चालत परत आलं. दरबार भरलेलाच होता. ते दारातून म्हणालं, "त्या सकाळी पोपट जागेवर नव्हता, म्हणून आला तुमचा फॅक्स."

"कासवांनी यंत्रावर बोलू नये," कोल्हा म्हणाला.

मग ठराव झाले. माकडाला फणस देण्यात आला. पुराच्या वेळी जागा सोडल्याबद्दल पोपटाला ताकीद मिळाली. पुन्हा असं होणार नाही, असं त्यानं लिहून दिलं. निरोपाच्या आधीच निरोप आणल्याबद्दल खंड्याची शाल परत घेण्यात आली. ती फांदीवर घडी करून ठेवलेलीच होती. पुढच्या वर्षी चूक नको, म्हणून आणखी एक कार्ड मागवलं. लॅपटॉपला फट एकच होती, म्हणून आणखी एक लॅपटॉप मागवला.

टिटवीचं नाव कुठल्याच ठरावात नव्हतं. माळावर तिची दोन पिल्लं झाली. ती त्यांना घेऊन फिरते, आणि नदीवरून जाताना उगाच खाली वाकून वाकून गोटे बघते.

तात्पर्य : यंत्रावर विश्वास ठेवावा. फॅक्स आला, अक्षर स्पष्ट होतं, शिक्काही बसला. कचेरीचं काहीच चुकलं नाही. चुकली ती टिटवी. तिनं अशा नदीकाठी अंडी घालायला हवी होती, जिथे पाणीसुद्धा दुसऱ्या घंटीची वाट बघतं.