उकाईच्या मातीचे तीन बैल

अश्विनीने फ्रिज उघडला, तर गोपूच्या दुधाला टेकून चिखलाच्या तीन पिशव्या बसलेल्या. त्यातल्या एकीत काहीतरी हललं असं तिला वाटलं. वाटलं कसलं, हललंच.

पिशव्या नणंदेच्या, सोनालीच्या. ती एम.एस्सी. करत होती. काल उकाईच्या तलावावर बोटीतून जाऊन तिने तळाचा गाळ काढून आणला होता: एक पिशवी काठाची, एक मधली, एक अगदी खोलातली. तळाशी कोण राहतं यावरून तलावाची तब्येत कळते, असं तिचं म्हणणं. काठच्या वाळूत शिंपले, गोगलगायी. खोल काळ्या गाळात, जिथे हवा कमी, तिथे लाल अळ्या. हे सगळे सोमवारी सरांसमोर मोजायचे होते, तेही जिवंत. चुकलं तर पुढची बोट महिन्यानेच. एवढं बजावून ती सकाळी कॉलेजला गेली.

अश्विनीही बी.एस्सी. होती. पिशव्यांना पक्क्या गाठी आहेत हे तिला दिसत होतं. पण दीड वर्षाचं मूल असलेल्या घरात गाठींवर कोण भरवसा ठेवतं? तिने दूध हुंगलं, उकळलं, पुन्हा उकळलं. पिशव्या गॅलरीतल्या बादलीत ओल्या फडक्याखाली ठेवल्या. सोनाली यायच्या आत परत फ्रिजमध्ये ठेवू, कोणाला कळायचंही नाही. मग गोपूला निजवता निजवता तिचाच डोळा लागला.

जाग आली तेव्हा बादली रिकामी होती. देवासमोर पाटावर, पोळ्याला मांडतात तसे, मातीचे तीन बैल उभे होते. शिंगांना बेगड, गळ्यात जरीची पट्टी, कपाळी कुंकू, पुढ्यात एकेक पाण्याची वाटी. सासूबाई, म्हणजे कलाबाई, नैवेद्याचं ताट आणत होत्या.

"आई, माती कुठली घेतली?"

"गॅलरीमधली. तापीमायनी माटी शे ती. आज पोया शे ना, सुरतमा बैल कोठे शेतस?"

कलाबाईंचं माहेर तापीकाठचं. त्यांच्या गावावरून गेलेलं पाणी उकाईला साठतं, म्हणजे माती माहेरचीच, असा त्यांचा सरळ हिशेब. अश्विनीने एकेका बैलाचं पोट निरखलं. अळी नाही, शिंपला नाही. गुळगुळीत. म्हणजे सगळे तुडवून आत गेले. घाबरून तिने गोपूचं तोंडही उघडून पाहिलं.

तेवढ्यात सोनाली आली आणि पहिल्यांदा फ्रिजकडेच गेली. अश्विनीने सगळं सांगून टाकलं. सोनाली बैलांकडे बघत खाली बसली. "चालशे, वहिनी, चालेल," असं म्हणाली खरी, पण डोळे भरले होते. पुढच्या महिन्यापर्यंत सर थांबणार नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं.

कलाबाईंनी ताट खाली ठेवलं. "कसाले रडी ऱ्हायनी? तुले माटी पाहिजे का किडा?"

"किडे, आई."

"मंग बैलपुढे देख."

वाट्यांत बैलांना प्यायचं पाणी असेल असं अश्विनी समजली होती. पहिल्या वाटीत चार शिंपले आणि गोगलगायी. तिसरीत लाल अळ्या वळवळत होत्या.

"पोयाना दिन जीव मारतस का? ताटमा माटी पसरी, तांदूय निवडतस तसं निवडं."

सोनालीने हळूच विचारलं, तिन्ही पिशव्यांतले एकत्र तर नाही ना केले? कलाबाईंना हा प्रश्नच आवडला नाही. वाळूची माती आणि चिकट माती एकत्र केली तर शिंगं मोडतात, एवढं लहान पोरालाही कळतं. ज्या बैलाची माती, त्याच्याच वाटीत त्याचे जीव.

जाता जाता त्या सुनेला म्हणाल्या, "बरं करं तू बाहेर काढं. फ्रिजमा गारठी जातस बिचारा."

सोमवारी सरांनी एकेक वाटी भिंगाखाली धरून पाहिली. त्यांचे विद्यार्थी हे काम चिमट्याने चार दिवस करतात, तरी निम्म्या अळ्या तुटतात. हे कोणी निवडलं, त्यांनी विचारलं. मग मातीही तपासायची म्हणून बैल मागवले. नैवेद्य झालेला असल्याने कलाबाईंनी हरकत घेतली नाही. आता ते प्रयोगशाळेच्या कपाटात उभे आहेत, जरीच्या पट्टीखाली चिठ्ठ्या अडकवून: काठ, मध्य, खोल.

पुढच्या महिन्यात सहा पिशव्या येणार आहेत. अश्विनीने फ्रिजचा अख्खा कप्पा आपणहून रिकामा केला आणि सासूबाईंना दाखवला. कलाबाईंनी कप्प्याकडे पाहिलंही नाही.

"सोनालीले सांगी दे, खोलमधली जास्त आनजो. नवरात्रना घट बसाडाना शेतस. काठनी वाळूमा गहू उगत नही."