महाराजांच्या कॅलेंडरातली सकाळ

एका जंगलात पैज लागली. चिंगी खार गुलब्या माकडाला म्हणाली, "दम असेल तर महाराजांच्या कॅलेंडरला हात लावून दाखव!"

शहाणा असता तर केळं खात बसला असता. पण गुलब्या तो गुलब्याच. म्हणाला, "बघच तू!"

तर बाळांनो, नाकं पुसा आणि ऐका. त्या जंगलात सगळ्यांचं मिळून एकच कॅलेंडर होतं, मोबाइलमधलं. कुणी काय कधी करायचं, सगळं त्यात. काम वेळेत झालं की नाव हिरवं. मुदत टळली की लाल. आणि सिंहमहाराजांचा हुकूमच होता, लाल दिसेल त्याचा रस्सा.

दिवाण लांडगेसाहेब मोबाइल चार्जिंगला लावून घोरत होते. गुलब्याने सेटिंगमध्ये सकाळच्या जागी संध्याकाळ केली, संध्याकाळच्या जागी सकाळ. मग झाडावर जाऊन पोट धरधरून हसला.

दुसऱ्या दिवसापासून नुसती धमाल! हत्ती सकाळची आंघोळ संध्याकाळी करायला लागला. सकाळचा दरबारही तेव्हाच. इकडे सूर्य बुडतोय आणि हे एकमेकांना 'शुभ सकाळ' करतायत! कुणी मान वर करून बघेल तर शपथ.

एकटे तुरेकाका कोंबडे तसेच. उजाडलं की आरवायचे. पण कॅलेंडरात तेव्हा संध्याकाळ! नाव लाल.

काकांना बांधून दरबारात आणलं.

"पहाटेचं काम संध्याकाळी करता?" लांडगेसाहेब खेकसले.

"अहो साहेब, सूर्य उगवला तेव्हाच आरवलो की!"

"सूर्य आहे का कॅलेंडरात? नाही ना? मग त्याचं नाव काढायचं नाही."

पातेलं चुलीवर चढलं. फांदीवर गुलब्याचं हसू सुकलं. एकदा तो गाढ झोपला होता आणि बिबट्या आला होता. तेव्हा याच काकांनी घसा फाडून त्याला उठवलं होतं.

खाली सगळे रश्श्यात खोबरं घालायचं की नाही यावरून भांडत होते. गुलब्या हळूच उतरला. मोबाइल उचलला. सेटिंग होतं तसं केलं.

टिंग!

तुरेकाका हिरवे. बाकी अख्खा दरबार लाल. हत्ती लाल. लांडगेसाहेब लाल. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, सिंहमहाराज लाल.

पातेल्याकडे बघायची कुणाची टाप नव्हती. महाराजांनी स्वतःच्या पंजाने काकांची दोरी सोडली, आणि मग गरजले, "कुणी केलं हे?"

चिंगी आपल्याच शेपटीमागे लपली. गुलब्या पुढे आला.

"महाराज, बिघडवलं ते मीच. नीट केलं तेही मीच."

"बिघडवलंस ते माफ. पोरकटपणा म्हणून सोडून देतो," महाराज दातओठ खात म्हणाले. "पण नीट कुणाला विचारून केलंस?"

तात्पर्य: चूक बिनधास्त करावी. दुरुस्त करताना मात्र आधी साहेबांचा रंग बघावा.