उठा आता, हात न लावता

मंठ्यात उत्तमभाऊंच्या वेल्डिंगच्या दुकानात चहा मिळतो, पण आधी परीक्षा द्यावी लागते. ते तुम्हाला एका लोखंडी स्टुलावर बसवतात आणि म्हणतात, "उठा आता. हात न लावता." गुडघ्यावर हात टेकला की नापास. मग ते स्टुलाची उंची इंचभर वाढवतात आणि पुन्हा बसवतात. जिथे पास व्हाल, तो आकडा खडूने शटरवर लिहितात. माझ्या नावापुढे चौदा आहे. गेटची चौकशी करायला आलेले एक वजनदार गृहस्थ अठरापर्यंत गेले आणि गेट न घेताच परतले.

हा नाद गाडीपासून लागला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडण्यात हयात गेलेल्या उत्तमभाऊंनी एकदा गाडीचं किटच मागवलं. खोक्यांतून फायबरची बॉडी आली, स्टिअरिंग आलं, चाकं आली. खालचा सांगाडा, म्हणजे चासी, पाइप जोडून आपणच करायची. मी त्यांचा शेजारी, आयटीआयमध्ये शिकवतो, म्हणून नकाशा मी काढून दिला.

पाइप कापण्याआधी उत्तमभाऊ त्याला टिचकी मारून कान लावतात. "हा लई अकडू हाये," म्हणून काही पाइप दोन-दोन दिवस बाजूला पडून असतात. का, ते विचारलं तर म्हणतात, "नरम होऊ द्या जरा."

एका सकाळी बघतो, तर दाराच्या बाजूचा माझ्या नकाशातला तिरपा पाइप त्यांनी कापून टाकलेला.

"उत्तमभाऊ, अहो, तो नसेल तर पहिल्याच खड्ड्यात चासी पिळेल. सगळी मेहनत वाया."

"सर, तुमचा नकाशा बराबर हाये. पण त्यात कोणी बसून न्हाई राह्यलं."

हे मला लागलं. आता कबूल करतो, त्या दिवशी चहाच्या टपरीवर आठ-दहा जणांसमोर मी म्हणालो, "उत्तमभाऊंनी गाडीचा पलंग केलाय." लोक हसले. लोक हसले याचा मला आनंद झाला, हे त्याहून वाईट. पाठीमागे उत्तमभाऊ उभे होते. ते एवढंच म्हणाले, "रविवारी या. जॅक लावू."

कापलेल्या पाइपाच्या बदल्यात त्यांनी दोन सीटांच्या मधोमध जाड पाइपांचा लांब पिंजरा बसवला होता. रविवारी टपरीवरची सगळी मंडळी हजर. मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर सिमेंटच्या गोण्या ठेवल्या आणि पुढच्या डाव्या कोपऱ्याला जॅक लावला. चासी ताठ असेल तर उजवा कोपराही सोबत उठणार; पिळली तर तो खालीच बसून राहणार. खरं सांगतो, तो खाली राहावा असं मला क्षणभर वाटलं.

उत्तमभाऊंनी जॅक मारला. दोन्ही कोपरे जोडीनं उठले.

"काय सर, पलंग बरा हाये ना?" कोणीतरी म्हणालं.

उत्तमभाऊंनी जॅक काढला आणि दुकानामागच्या घराकडे हाक मारली, "अहो, या बरं जल्दी."

उत्तमभाऊंच्या पत्नी गयावहिनी भिंतीला धरत आल्या. त्यांचे गुडघे कित्येक वर्षांपासून वाकत नाहीत. पाय उचलता येत नाही म्हणून जीप नाही, एसटी नाही. शहागडला त्यांची सख्खी बहीण राहते. माझी गाडी महिन्यातून दोनदा शहागडवरून जाते. वहिनींना कुठे जायला आवडत नाही, असं मी खुशाल समजून होतो.

तिरपा पाइप होता, तिथे आता ओलांडायला काही नव्हतं. आत सतरा इंचांवर सीटची फळी होती. वहिनी फळीवर टेकल्या आणि पाय सरकवत आत वळल्या. उत्तमभाऊ त्यांच्या तोंडाकडे नाही, गुडघ्यांकडे बघत होते. शटरवरचे ते सगळे आकडे कोणासाठी होते, हे मला तेव्हा कळलं.

"शहागडला जाईल का हो ही?" वहिनींनी विचारलं.

"इंजिन बसू द्या, कागदं होऊ द्या. मंग जाईल."

"तोवर?"

"तोवर बसा."

आम्ही सगळे स्टुलावरचं ते नेहमीचं वाक्य यायची वाट बघत होतो. उत्तमभाऊंनी पंख्याची दिशा वहिनींकडे वळवली, चहा त्यांच्या हातात दिला आणि पलीकडे स्टिअरिंगच्या जागी डबा ठेवून स्वतः बसले. बिनचाकाच्या त्या गाडीत दोघं रस्त्याकडे बघत राहिली.

उठा, असं काही ते म्हणाले नाहीत.